पी.जे. बंद पडली ते बरं झालं का?

धामणगाव म्हटलं की बाहेरचा माणूस हमखास विचारतो, "रेल्वेवालं का?" ते धामणगाव अमरावती जिल्ह्यात, मुंबई-नागपूर मार्गावर, नावातच 'रेल्वे' घेऊन बसलेलं. एके काळी यवतमाळला जायचं तर तिथं उतरून पुढचा रस्ता धरावा लागे. आमचं धामणगाव बढे बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात. इथं रूळ कधी पडलेच नाहीत. उत्तरेला मलकापूर आणि बोदवड ही मोठ्या लाईनीची स्टेशनं, आणि पश्चिमेला जामनेर, जिथं पाचोऱ्याहून निघालेली छोटी गाडी येऊन टेकायची. गाव या दोन्हींच्या मधे, दोन्हींपासून लांब.

ती छोटी गाडी म्हणजे पी.जे. पाचोरा ते जामनेर, ५६ किलोमीटर, वाटेत शेंदुर्णी, पहूर. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. शंभरेक वर्षं चालली आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत उभी राहिली ती उभीच राहिली. आता तिच्या जागी ब्रॉडगेज होतंय. ते अंतर १६७६ मिलिमीटर, साडेपाच फूट. शिवाय मार्ग जामनेरला न संपता पुढं बोदवडला जाऊन मुंबई-नागपूर लाईनीला मिळणार आहे. सगळा मिळून सुमारे ८४ किलोमीटर.

या विषयावर आमच्या गल्लीत दोन पक्ष आहेत आणि दोन्ही एकाच घरातले. एक मामा. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पंचाहत्तरी ओलांडली, पण दोन गावांमधलं अंतर आणि भाडं अजून तोंडपाठ. दुसरी त्यांची भाची. शेंदुर्णीची. अकरावी-बारावीला पी.जे.नं पाचोऱ्याला जायची. मग स्थापत्यचा डिप्लोमा केला आणि आता रस्त्याची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे साईट सांभाळते. आखाजीला तिची आई माहेरी आली, सोबत ही आली, आणि आमरस-पुरणपोळीनंतर ओसरीवर जे सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत संपलं नाही. म्हातारा जुन्या गाडीसाठी हळहळत असेल आणि पोरगी नव्याची बाजू घेत असेल, असं वाटत असेल तर ते नेमकं उलटं आहे.

मामा : गेली ते बरं झालं. छप्पन किलोमीटरले दोन तासाच्या वर! तेवढ्यात माही गाडी मलकापूरहून निघून राजूर घाट चढून बुलढान्याले पोचे, अन् माहा चहाबी होऊन जाये.

भाची : तुमची गाडी घाट चढायची हे खरं. पण तिच्यात पाटी घेऊन चढणाऱ्या बाईला तुम्ही काय विचारायचे? "लगेज फाडू का?"

मामा : नियम होता, पोरी.

भाची : तेच म्हणतेय. पी.जे.त भाजीच्या पाट्या, दुधाच्या किटल्या, कोंबड्या, लग्नाचा आहेर, सगळं बसायचं. समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचा, एवढा अरुंद डबा. वळणावर सगळा डबा एका अंगाला कलायचा आणि वरच्या पिशव्या खालच्यांच्या मांडीवर यायच्या. त्या धक्क्यांत आम्ही अकाउंट्सची गणितं सोडवली. आणि पोरींना गाडीनं पाठवायला घरचे तयार असायचे, कारण डब्यात अर्धं गाव असायचं.

मामा : पोरींले बारावीलोक एस.टी.चा पास फुकट हाय. आता तर बायांले अर्धं तिकीट. मी पंचाहत्तरच्या वर, मले पुरंच माफ. मंग रेल्वे पाह्यजे कायले?

भाची : अर्धं तिकीट २०२३ पासून. पी.जे. बंद पडली २०२० ला. आणि पास शाळेच्या पोरीला आहे. पाचोऱ्याला बाजाराला जाणाऱ्या पुरुष मजुराला कोण पास देतं? तो काळीपिवळीच्या टपाला लटकतो.

इथं मामा थोडे थांबले. काळीपिवळी हा त्यांचा जुना शत्रू. एस.टी.च्या पुढं दहा मिनिटं निघून सगळे पाशिंजर उचलणारी जीप. तिच्याबद्दल ते कुणाशीच दुमत ठेवत नाहीत. पण थांबले ते माघार घ्यायला नाही.

मामा : तू माणसाचं सांगून राहिली. मी मालाचं सांगतो. माहे वडील कापसाची बैलगाडी जुंपत अन् मलकापूरले नेत. जामनेरले नाई. काहून सांग बरं?

भाची : मलकापूरला भाव बरा असेल.

मामा : भाव तर होताच. पन मलकापूरच्या प्रेसमधून गठान निघाली का वाघिनीत चढे, अन् एकदा चढली का थेट मुंबई बंदरात उतरे. जामनेरची गठान पाचोऱ्याले पुन्हा उतरवा, पुन्हा उचला, मोठ्या वाघिनीत पुन्हा रचा. दोनदा हमाली. पान्याचे दिवस असले तं दोनदा भिजनं. तो खर्च येपारी देते का? शेतकऱ्याच्याच भावातून कापते. छोटी लाईन म्हंजे कायम दोनदा हमाली.

मामांनी हे जितक्या सोप्या शब्दांत सांगितलं तितकं ते रेल्वेच्या पुस्तकांत सापडत नाही, पण मुद्दा तोच आहे. अरुंद रुळांचा खरा तोटा त्यांचा वेग किंवा रुंदी नव्हे. एका रुंदीचे रूळ संपून दुसऱ्या रुंदीचे सुरू होतात ती जागा हा खरा तोटा. पाचोरा, मूर्तिजापूर, पुलगाव, कुर्डुवाडी, या सगळ्या स्टेशनांवर वर्षानुवर्षं हमालांच्या पाठीवरून माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत गेला. वऱ्हाडातला कापूस असो की बार्शीकडचं धान्य, ज्याचं गाव छोट्या लाईनीवर त्यानं हा जादा खर्च सोसायचा.

भाची : मामा, पण छोटी लाईन नसती तर जामनेरला काय मिळालं असतं? मोठी?

मामा : कधी ना कधी भेटलीच असती.

भाची : बुलढाण्याला मिळाली?

याला उत्तर नाही. बुलढाणा हे जिल्ह्याचं ठाणं, आणि तिथं आजही रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी. आजोबांनी मागितली, बापानं मागितली, नातू मागतोय. सर्वेक्षणं होतात, निवडणुका येतात, मार्ग नकाशावर असतो.

भाची : हेच मला म्हणायचंय. मोठीची वाट बघत बसलं की असं होतं. बार्शीचं बघा. मुंबई-सोलापूर लाईन बार्शीला वळसा घालून गेली. तेव्हा एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं सांगितलं की मोठी येणार नाही, आपण छोटी टाकू. १८९७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली. हीच रुंदी, अडीच फूट. त्याचं डोकं असं की कुठल्याही चाकाच्या जोडीवर पाच टनांच्या वर भार येऊ द्यायचा नाही. भार सगळीकडे सारखा वाटला की रूळ हलका चालतो, पूल हलका चालतो, भराव कमी लागतो. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. एका छोट्या गाडीनं वारकऱ्यांना चंद्रभागेपर्यंत नेलं. मोठी लाईन तिथं जवळजवळ शंभर वर्षांनी आली.

मामा : भराव कमी लागते हे तू तुह्या धंद्याचं बोलून राहिली.

भाची : मग काय! काळ्या मातीत काम केलंय मी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर जड गाडीचा रस्ता उभा करायचा म्हणजे माती उकरून टाका, मुरूम आणा, खडी आणा, मोऱ्या बांधा. हलकी गाडी असली की त्यातलं बरंच वाचतं. इंग्रजांना आपल्यावर प्रेम नव्हतं, पण हिशेब येत होता.

हिशेब त्यांच्या आधी आपल्याकडच्याही एका दरबाराला आला होता, हे मला मधे सांगावंसं वाटलं. बडोद्याच्या गायकवाडांनी १८६२ मध्ये मियागाम ते डभोई अशी अडीच फुटी लाईन टाकली. हिंदुस्थानातली ती पहिली अरुंद रेल्वे. सुरुवातीला तिचे डबे बैल ओढत, कारण रूळ इतके हलके होते की इंजिनाचा भार त्यांना झेपेना. पुढं रूळ बदलले आणि इंजिनं आली. मामा यावर खूश झाले.

मामा : बैलानं ओढली! म्हंजे पी.जे.पेक्षा जोरातच गेली अशीन.

भाची : हसा. पण रुंदी कुठं किती ठेवायची हे कोण ठरवत होतं बघा. तुमच्या खामगावला ब्रॉडगेज फाटा १८७० मध्येच आला. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. का? खामगावची कापसाची बाजारपेठ मोठी होती म्हणून. आणि खर्च वाचवायला नव्या लाईनी मीटरगेज करा, असं धोरण आणणारेही हेच मेयो. म्हणजे ज्या गावातला माल हवा त्याला रुंद रूळ, बाकीच्यांना जमेल तसं.

मामा : मंग झालंच ना माह्या मनासारखं! छोटी लाईन म्हंजे "तुमचा माल आमाले तेवढा महत्त्वाचा नाई" असं लिहून देल्याली पाटी. अन् तू तिच्यासाठी रडून राहिली.

ओसरीवरच्या सगळ्यांना वाटलं, मामांनी डाव मारला. मलाही वाटलं. भाचीनं रसाची वाटी खाली ठेवली आणि दुसरीकडून सुरुवात केली.

भाची : रडत नाही. मी विचारतेय, वाईट रुंदी होती की देखभाल? शकुंतला घ्या. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर. तीही अडीच फुटीच. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, कारभार किलिक निक्सनचा, गाडी चालवणार सरकारी रेल्वे. स्वातंत्र्य आलं, रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, हा करार तसाच राहिला. मालक एक, चालवणारा दुसरा, मग रुळावर पैसा टाकणार कोण? १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत राहिलं. वेग ताशी वीस किलोमीटरवर आला. फाटकावर माणूस नाही, म्हणून गाडी थांबवायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावणार, गाडी पलीकडे गेली की उघडून पुन्हा चढणार. हे रुंदीमुळे होतं?

मामा : नाई. हे बेवारस असल्यामुळे.

भाची : मग बेवारस ठेवणाऱ्याला बोला, गाडीला कशाला? जपानमध्ये बुलेट ट्रेन सोडली तर जवळजवळ सगळा देश साडेतीन फुटी रुळावर चालतो. १०६७ मिलिमीटर, आपल्या मोठीपेक्षा पुष्कळ अरुंद. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातली रेटियन रेल्वे मीटरगेज. तिचा एक मार्ग २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि त्याच रुळांवरून गावातली माणसं रोज कामाला जातात. अरुंद रुळानं देश मागं पडत नाही.

मामा : जपानात कुठूनबी कुठं जा, रूळ तोच. तिथं गठान पुन्हा उतरा लागत नाई. आपल्याकडं? मुंबईहून पाचोऱ्यालोक एक, पाचोऱ्याहून जामनेरलोक दुसरी. अकोल्याहून खंडव्याले तिसरी. नागपुराहून नागभीडले आनिक छोटी. ज्याले जसं सुचलं तसं. मी म्हनतो, सगळा देश छोट्यावर चालवा लागत होता तं चालवा, माहं काई म्हननं नाई. पन एकच चालवा.

माझ्या मते त्या दिवशीचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच. आणि तो मांडणारा माणूस शाळेत सातवीच्या पुढं गेलेला नाही. १९९२ पासून रेल्वेनं जे गेजबदलाचं धोरण घेतलं, सगळीकडे एकच रुंदी करायचं, त्यामागचा विचार हाच होता. त्यावर टीका खूप झाली, आजही होते. पण मामांनी पुढं जे उदाहरण दिलं त्याला तोड नाही.

मामा : तू बार्शीचं सांगितलं ना? आता माह्याकडून आयक. दोन हजार सोळाचा उन्हाळा आठोते का? लातूरले पानी नव्हतं. घागरीच्या लायनीवर मारामाऱ्या नको म्हनून जमावबंदी लावा लागली होती. मंग मिरजेहून रेल्वेनं पानी आनलं. कोन्या लाईनीनं? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. तुह्या त्या कॅलथ्रॉपची लाईन. पन मोठी केलेली. पन्नास-पन्नास वाघिनी पान्याच्या. छोटी राहिली असती तं ते पानी आलं असतं का?

भाची : (थांबून) नसतं आलं. त्या टाक्यांच्या वाघिणी राजस्थानातून, कोट्याहून आणल्या होत्या. छोट्या रुळावर त्या चढल्याच नसत्या.

मामा : हां.

२०१६ च्या एप्रिलमध्ये ती 'जलदूत' गाडी सुरू झाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मग पन्नास वाघिणींच्या खेपा, प्रत्येक खेपेला पंचवीस लाख लिटर. अंतर सुमारे ३४२ किलोमीटर. आणि तो बदललेला मार्ग तोवर फारसा जुनाही झाला नव्हता; कुर्डुवाडी-पंढरपूर २००१ मध्ये, मिरजेची बाजू त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी. दहा वर्षं आधी तो दुष्काळ पडला असता तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा.

रुंदीचा वाद इथं संपला असं मी धरतो. मामांचा विजय. भाचीनंही ते पुढं उकरून काढलं नाही. पण रुंद रूळ कुठूनही नेता येत नाही, हेही खरं. अकोला-खंडवा मीटरगेज अकोटपर्यंत मोठी झाली आणि पुढं मेळघाटचं व्याघ्र अभयारण्य आडवं आलं. छोट्या गाडीला जंगलानं इतकी वर्षं सोसलं. मोठीसाठी झाडं, कटिंग, वेग, सगळंच वाढतं. त्यामुळे पर्यायी मार्ग आमच्याच जिल्ह्यातून, संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या बाजूनं न्यायचं ठरलं. मामांचं त्यावर एकच वाक्य आहे : "वाघाच्या पुन्याईनं आपल्या जिल्ह्याले रेल्वे भेटून राहिली."

मग गोष्ट जुन्या इंजिनांकडे वळली, आणि इथं दोघांनी बाजू बदलल्या.

मामा : पी.जे.चं एखादं इंजिन जामनेरले चबुतऱ्यावर उभं करा लागते. लेकरं पाह्यतीन.

भाची : मला नको चबुतरा.

मामा : अवं, मंग कायसाठी भांडून राहिली इतकी येळ?

भाची : चबुतऱ्यासाठी नाही. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, २००२ पासून. चांगलं आहे. नागपूर-छिंदवाडा गेली, नागपूर-नागभीड २०१९ ला बंद झाली, इंजिनं तिथं रंगवून ठेवलीत. माथेरानची गाडी १९०७ ची, दोन फुटी रुळावर, ती पर्यटकांसाठी चालते आणि पाऊस झाला की दरड येऊन बंद पडते. ती चालावी, माझी ना नाही. पण आमची गाडी बघायची नव्हती, मामा. बसायची होती. मला इंजिन नको. मला गाडीचं थांबणं पाहिजे.

मामा : थांबनं म्हंजे?

भाची : पी.जे. गावागावाला थांबायची. जिथं फलाट नाही तिथं रुळाशेजारी नुसती पाटी, माणूस हात धरून वर ओढला की चढला. नवी मोठी लाईन येईल, विजेची असेल, जोरात जाईल. पण जी गाडी ताशी शंभरनं धावते ती दहा किलोमीटरवरच्या गावाला थांबत नाही. टाळेबंदीनंतर रेल्वेनं वेळापत्रकं नव्यानं मांडली तेव्हा ठिकठिकाणचे छोटे थांबे उडाले. पॅसेंजरचं किमान तिकीट दहाचं तीस रुपये झालं. ते पुन्हा दहावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडावं लागलं. उडालेले थांबे मात्र सगळे परत आले नाहीत.

मामा : सगळीकडं थांबली तं ते मंग पी.जे.च झाली ना. पुन्हा दोन तास.

भाची : एक गाडी तशी असू द्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. बाकीच्या पळवा.

मामा : येक मिनिट. मी कंडक्टर मानूस, मले थांब्याचं शिकवू नको. हात दाखवला का थांबायचं, हे आमीच केलं. पन त्यात टाइम जाये अन् पुढची गाडी चुके. पुढची गाडी चुकली का पाशिंजर तुमाले शिव्या देते, थांब्यावाल्याले नाई. बोदवडले मोठ्या लाईनीची मेमू पकडाची अशीन, तं जामनेरहून येनारी गाडी टायमात पाह्यजे. थांबे दोन कमी असले तरी चालतीन, पन मेळ पाह्यजे. आमच्या वक्ताले मलकापूरले मेल लेट असली तं मी गाडी दहा मिनिटं धरून ठेवो. साहेब बोंबले, बोंबलू दे.

भाची : बघा, म्हणजे तुम्हाला मेळ पाहिजे, मला थांबे. दोन्ही एकच मागणं आहे.

मामा : येकच नाई. पन भांडन्याजोगंबी नाई.

मी दोघांना मधेच एक प्रश्न टाकला. या सगळ्यात धामणगाव बढेचं काय? रूळ तर आमच्या गावातून जाणार नाहीत.

मामा : पह्यले बोलत होते पी.जे. मलकापूरलोक न्या. तशी झाली असती तं आपल्या तालुक्याले लागली असती. आता बोदवड म्हनतात. बरं, बोदवड तं बोदवड.

भाची : मग जामनेर आणि बोदवडच्या मधे आपल्याला जवळ पडेल असं एखादं स्टेशन बघायचं, आणि तिथपर्यंत गाडीच्या वेळेवर बस.

मामा : हे बरोबर. रेल्वेच्या टायमावर एस.टी. सोडा. एवढं केलं तरी अर्धं काम झालं. पन हे कोनी मांगतच नाई. सगळे एक्स्प्रेसले थांबा मांगतात. पुढारी निवेदन देते, फोटो काढते, एक्स्प्रेस काई थांबत नाई.

भाची : कारण पॅसेंजरच्या थांब्याच्या निवेदनाचा फोटो कुणी छापत नाही.

यावर हसू झालं आणि आतून चहा आला. मला मात्र हसण्यावारी सोडवेना. गेजबदलाच्या बातम्यांत कोटींचे आकडे असतात, पुलांची संख्या असते, भूसंपादनाचे टप्पे असतात. थांबे किती, कुठं, पहिली गाडी किती वाजता, तिकीट किती, हे शेवटी ठरतं आणि बहुतेक वेळा कुणालाही न विचारता ठरतं. छोटी लाईन हमालीत हरली. माझा कौल तिथं मामांच्या बाजूनं आहे. पण पाटीवाल्या बाईला आणि कॉलेजच्या पोरीला तिनं जे दिलं ते रुंद रुळानं आपोआप मिळत नाही. ते वेगळं मागावं लागतं. तिथं मी भाचीच्या बाजूला.

तेव्हा जामनेर, बोदवड आणि मोताळा तालुक्यांतल्या वाचकांना सांगणं इतकंच. काम रुळांपर्यंत येण्याआधी आपल्या ग्रामसभेत ठराव घ्या. एक्स्प्रेसचा थांबा मागू नका. सकाळी कॉलेज आणि बाजाराच्या वेळेला सगळीकडे थांबणारी एक पॅसेंजर मागा, संध्याकाळी परतीची मागा, बोदवडला मेमूशी मेळ मागा, आणि धामणगाव बढ्यासारख्या रुळांपासून लांबच्या गावांनी त्या गाडीच्या वेळेवर बस मागा. ठरावाची एक प्रत भुसावळला मंडल रेल व्यवस्थापकांच्या कार्यालयात द्या, एक आगारात, आणि दोन्हींची पोच घेऊन ठेवा.